कालिकतची पहिली फेरी : आधी पायी फिरा, मग सौदा करा

मालाच्या शोधात परगावी जाणारे आपले बरेच व्यापारी बांधव गाडीतून उतरताच रिक्षा करून थेट अडत्याची पेढी गाठतात. तासाभरात सौदा ठरतो, बयाणा दिला जातो आणि संध्याकाळच्या गाडीने परत. शेजारच्या पेढीवर दर काय होता, तेसुद्धा कळत नाही. लहान दुकानदाराचे भांडवल लहान असते. खोबऱ्याची एक खेप ओली निघाली तर अनेक महिन्यांची कमाई त्यात जाते. म्हणून नव्या गावची पहिली फेरी खरेदीसाठी नसून ओळखीसाठी असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती कशी आखावी, हे केरळातील कालिकत, म्हणजेच कोझिकोड, या शहराच्या उदाहरणाने पाहू.

कालिकतच का?

या गावात ठोक बाजार, समुद्रकिनारा आणि जुनी वस्ती एकमेकांना लागून आहेत. सगळे पायी पाहता येते. मिरी, सुंठ आणि खोबरे यांचा व्यापार येथे शतकानुशतके चालत आला आहे. १३४२ च्या सुमारास इब्न बतूता येथे आला, तेव्हा बंदरात १३ चिनी जहाजे उभी असल्याचे त्याने लिहून ठेवले. १४९८ मध्ये वास्को द गामा जवळच्या कप्पड किनाऱ्यावर उतरला. इंग्रजीत सुती कापडाला 'कॅलिको' हे नाव मिळाले तेही याच गावावरून. अरब, चिनी, गुजराती असे अनेक देशांचे व्यापारी येथे आले आणि सामुदिरी राजांनी त्यांना आश्रय दिला. गुजराती स्ट्रीट व सिल्क स्ट्रीट ही रस्त्यांची नावे त्याची साक्ष देतात.

केव्हा व कसे जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. केरळात जूनपासून मोठा पाऊस असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही परतीच्या सरी येतात. ओल्या दिवसांत खोबरे वा मिरी पाहून मालाची खरी परीक्षा होत नाही. ओणम व विषूच्या सुमारास गाड्या भरलेल्या असतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून मुंबई व कोकणातून हा प्रवास सोपा झाला असून एक रात्र गाडीत काढावी लागते. मात्र पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक बदलते, ते आधी पाहून घ्यावे. निघण्यापूर्वी बाजाराच्या सुट्टीचा वार विचारावा. मुक्काम स्टेशनजवळ करावा, म्हणजे रिक्षाचा खर्च वाचतो. किमान दोन दिवस हाताशी ठेवावेत.

पहिला दिवस : बाजार

सकाळी मानांचिरा तलावापासून निघावे. तेथूनच मिठाई तेरुवु हा रस्ता सुरू होतो. २०१७ मध्ये नूतनीकरण करून तो पायी चालणाऱ्यांच्या सोयीचा केला आहे. येथील हलवा मैदा, साखर किंवा गूळ आणि खोबरेल यांपासून बनतो. मिठाईच्या धंद्यातील बांधवांनी चार दुकानांतील हलवा चाखून पाहावा, वजन, बांधणी आणि टिकण्याची मुदत विचारावी.

पुढे रेल्वेरूळ ओलांडून पश्चिमेकडे गेले की वलियंगाडी, म्हणजे मोठा बाजार लागतो. येथे धान्य, मसाले व खोबऱ्याच्या पेढ्या आहेत. येथील खोबऱ्याच्या दरात 'दिलपसंद' आणि 'राजापूर' अशा प्रती असतात. कोकणी माणसाला राजापूरचे नाव दरपत्रकात वाचून आपलेपणा वाटतो आणि त्यावरून पेढीवाल्याशी बोलणे सहज सुरू होते. बिर्याणीसाठी वापरला जाणारा वायनाडचा जीरकशाला हा बारीक सुवासिक तांदूळही पाहून ठेवावा.

निदान पाच पेढ्यांवर दर विचारावा. 'एत्रया?' म्हणजे 'किती?' एवढा एक मल्याळम शब्द पुष्कळ काम करतो. वडीलधाऱ्या मुसलमान दुकानदाराला 'इक्का' म्हणतात. प्रत्येक ठिकाणी थोडा नमुना विकत घ्यावा आणि पिशवीवर दुकान, प्रत, दर व तारीख लिहावी. खोबरे मोडून पाहावे. नीट सुकलेले खोबरे कटकन तुटते, ओले असेल ते वाकते आणि पुढे त्याला बुरशी धरते. मिरीचे दाणे पाण्यात टाकावेत. भरीव दाणा तळाशी जातो. पोकळ दाणे आणि पपईच्या बिया वर तरंगतात.

दुपारनंतर कुट्टिचिरा मोहल्ल्यात जावे. मोठ्या तळ्याकाठी मिश्काल मशीद आहे. नाखुदा मिश्काल या जहाजमालकाने ती चौदाव्या शतकात बांधली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी ती जाळली, नंतर ती पुन्हा उभी राहिली. तिला घुमट नाही, मिनार नाही. केरळी पद्धतीची उतरती छपरे आणि लाकडाचे वरचे मजले आहेत. सुतारकाम करणाऱ्याने येथील जोडकाम निरखून पाहावे. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून दिवसभराचे दर वहीत उतरवावेत.

दुसरा दिवस : बेपूर

कारागीर बांधवांनी दक्षिणेला सुमारे १० किलोमीटरवर, चालियार नदीच्या मुखाशी असलेल्या बेपूरला अवश्य जावे. येथे 'उरू' नावाची लाकडी जहाजे बांधली जातात. कागदावर नकाशा नसतो, सगळा हिशेब मुख्य मिस्त्रीच्या डोक्यात असतो. तयार जहाज खलाशी दोरखंड, कप्प्या आणि ओंडके यांच्या साहाय्याने पाण्यात उतरवतात. आता मागणी घटली आहे आणि बहुतेक मोठी कामे आखाती देशांतील ग्राहकांची असतात. हुन्नर टिकवायचा तर नवे गिऱ्हाईक शोधावे लागते, हा धडा आपल्याही कारागिरांसाठी आहे. कामात अडथळा होऊ देऊ नये आणि आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

सौद्यापूर्वी दोन गोष्टी

पहिली गोष्ट हमालीची. आपल्याकडे १९६९ चा माथाडी कायदा आहे, तसा केरळात १९७८ चा हमाल कामगार कायदा आहे. माल कोण चढवणार आणि मजुरी कोण देणार, हे दर ठरवतानाच पक्के करावे. काम न करता केवळ उभे राहून मजुरी मागण्याच्या 'नोक्कुकूली' या प्रथेला तेथील सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली आहे. पण केलेल्या कामाची मजुरी द्यावीच लागते, आणि ती आपल्या पडतळीत धरलेली असावी.

दुसरी गोष्ट कागदाची. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे. ५०,००० रुपयांवरील खेपेला ई-वे बिल लागते, ते कोण काढणार हे आधी ठरवावे. तोंडी आश्वासनावर परराज्यात बयाणा देऊ नये.

घरी आल्यावर नमुने आठवडाभर ठेवून पुन्हा तपासावेत. भाडे, हमाली आणि घट मिळवून पडतळ काढावी, मगच पेढी निवडावी. सुरुवातीला खेप लहान मागवावी आणि ती नमुन्याबरहुकूम आली तरच पुढचा व्यवहार वाढवावा. पहिल्या फेरीत हात रिकामे आले म्हणून वाईट वाटू देऊ नये. पाच पेढ्यांचे दर, नमुन्यांच्या पिशव्या आणि दोन-चार माणसांची ओळख ही त्या फेरीची खरी कमाई आहे, आणि ती बयाण्यासारखी बुडत नाही.