खांद्यावरचा छुपा पाहुणा

दोस्तांनो, गालावर एक पुटकुळी आली की आरशासमोरून हलवत नाही, खरं ना? ताई तर लगेच मलमाची ट्यूब शोधते. पण असंच एक मलम खांद्याच्या ऑपरेशनआधी पेशंटच्या खांद्याला लावतात, असं सांगितलं तर? थाप वाटेल, पण गोष्ट अगदी खरी आहे.

आपल्या त्वचेवर असंख्य जंतू राहतात. त्यातल्या एकाचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. तेलकट जागा याला फार प्रिय. चेहरा, पाठ, खांदा इथे केसांच्या मुळाशी, तेलग्रंथींत तो दडून बसतो. एरवी पुटकुळ्यांना हातभार लावण्यापलीकडे त्याचा उपद्रव नसतो. पण ऑपरेशनच्या वेळी त्वचेला छेद दिला की या ग्रंथीही कापल्या जातात आणि स्वारी थेट सांध्यात शिरते! वरून जंतुनाशक फासलं, तरी ते इतक्या खोलवर नीट पोचत नाही. बेन्झॉईल पेरॉक्साइडचं मलम मात्र आत झिरपतं आणि या जंतूंची संख्या कमी करतं. म्हणून काही सर्जन ते आधीचे काही दिवस लावायला सांगतात.

एवढी काळजी कशासाठी? समजा, वाढत्या वयात एखाद्या मुलीचा कणा बाजूला फार वाकला. तो सरळ करायला मणक्यांत धातूचे स्क्रू आणि सळया बसवतात. जंतू या धातूला चिकटले, की स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्या थरापुढे औषधांचं आणि आपल्या पांढऱ्या पेशींचं फारसं चालत नाही. मग पुन्हा ऑपरेशन! त्यापेक्षा शत्रूला वेशीवरच अडवलेलं बरं.

ही युक्ती जुनीच. १८६५ साली ग्लासगोमध्ये जेम्स ग्रीनलीस या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. हाड मोडलं, वर जखमही झाली. त्या काळी अशी जखम सडायची आणि पाय कापावा लागायचा. पण जोसेफ लिस्टर या सर्जननं जखमेवर कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पाय वाचला!

आज तयारी आणखी आधीपासून सुरू होते. अँटिबायोटिक छेद देण्यापूर्वी तासाभराच्या आत देतात, म्हणजे ऐन वेळी ते रक्तात हजर असतं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनसाठी तपासणी-यादी काढली. 'अँटिबायोटिक वेळेवर दिलं का?' हा प्रश्न त्यात आहेच.

थोडं काम आपलंही आहे बरं का! घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी स्वच्छ आंघोळ हवी. तिथले केस घरी वस्तऱ्यानं काढायचे नाहीत, बारीक ओरखड्यांत जंतूंचं फावतं. अंगावर कुठे फोड, गळू असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आजोबांना मधुमेह असेल तर साखर ताब्यात हवी आणि काकांची सिगारेट बंद!

आणि भेटायला जाल तेव्हा? आधी साबणानं हात धुवा. खाऊचा डबा मग उघडा!