राखीव विजेवरील संगणक

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज एकाएकीं गेली. साथीच्या त्या दिवसांत नोकरीचें काम आणि मुलांची शाळा हीं दोन्ही घरांतल्या संगणकावर येऊन बसलीं होतीं. तेव्हां ज्यांच्या मेजाखालीं यूपीएसची पेटी होती ते भाग्यवान ठरावयाचे. परंतु अशी पेटी असूनहि पुष्कळ घरीं एक चमत्कारिक अनुभव येतो. पेटींत दहा-पंधरा मिनिटांची वीज शिल्लक असते, आणि संगणकाचा पडदा मात्र त्यापूर्वींच काळा पडतो. अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचा दोष पेटीच्या माथीं बसतो, नवी बॅटरी आणली जाते, आणि पुढच्या वेळीं पुन्हा तेंच घडतें. अशा वेळीं दोष बहुधा बॅटरींत नसून संगणकाच्या समजुतींत असतो.

मेजावरचा संगणक भिंतींतल्या विजेवर जगणारा. बॅटरी ही वस्तु त्याला ठाऊक नसते. यूपीएसपासून निघालेली यूएसबीची तार त्याला जोडली, म्हणजे विंडोज ही प्रणाली त्या पेटीलाच बॅटरी समजते. पडद्याच्या कोपऱ्यांत बॅटरीचें चित्र उमटतें, आणि ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें जेथें एकच रकाना होता तेथें दोन होतात: वीज असतांनाचा ‘प्लग्ड इन’ आणि ती गेल्यावरचा ‘ऑन बॅटरी’. थोडक्यांत, संगणक स्वतःस लॅपटॉप मानूं लागतो. पहिला रकाना धन्यानें आपल्या सोयीप्रमाणें भरलेला असतो. दुसरा कोणी उघडूनहि पाहिलेला नसतो. त्यांतील नियम लॅपटॉपच्या काटकसरीचे: कांहीं मिनिटें हालचाल नसली कीं झोप. वीज गेल्यावर धनी शेजारी चौकशी करावयास जिना उतरतो, आणि तेवढ्यांत हीं मिनिटें भरतात.

म्हणून पहिला प्रश्न हा, कीं संगणक झोपला कीं त्याचा प्राण गेला? पडद्याकडे पाहून हें कळत नाहीं. पण संगणक स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. वीज आल्यावर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टिम’ विभागांत ‘कर्नल-पॉवर’ या नांवाच्या नोंदी पाहाव्या. ४२ क्रमांकाची नोंद असेल तर संगणक आज्ञेनें झोपला. ४१ असेल तर तो रीतसर बंद न होतांच थांबला. ही दुसरी नोंद तो पुन्हा सुरू झाल्यावर लिहितो.

झोपला असेल तर उपाय सोपा. ‘ऑन बॅटरी’च्या रकान्यांतील ‘स्लीप’ची मुदत वाढवावी किंवा ती सोय बंद करावी. साध्या झोपेंत काम स्मृतींतच राहतें, आणि स्मृति जागी ठेवावयास थोडी कां होईना वीज लागते. पेटी रिकामी झाली कीं तें काम पुसलें जातें. ‘हायबरनेट’ हा प्रकार निराळा: त्यांत स्मृतींतील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून मग संगणक बंद होतो. यादींत हा शब्द नसेल तर ती सोय बंद केलेली असते, व ती आधीं चालू करावी लागते.

४१ ची नोंद अधिक विचार करावयास लावते. वीज गेली त्याच क्षणीं संगणक विझला असेल, तर मात्र पेटीलाच दोष द्यावा. बॅटरी मेलेली असते किंवा भार जास्त झालेला असतो. ६०० व्हीएची पेटी म्हणजे ६०० वॅटची नव्हे. ती बहुधा ३६० वॅटच पेलते. तिच्यावर लेझर छपाईयंत्र जोडणें हा तर निव्वळ अविचार होय. उलट, संगणक कांहीं मिनिटें चालून मग विझला असेल, तर ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ हा आंकडा पाहावा. तो सामान्यतः ५ टक्के असतो. लॅपटॉपला हे ५ टक्के पुरतात. घरगुती पेटींत मात्र १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असते. गुणाकारानें ८४ वॅट-तास भरतात, म्हणजे २०० वॅटच्या भारावर कागदोपत्रीं २५ मिनिटें. पण घाईनें उपसली असतां अशी बॅटरी आपला पूर्ण सांठा देत नाहीं, आणि शेवटीं शेवटीं तिचा दाब झपाट्यानें ढासळतो. ५ टक्क्यांची वाट पाहत बसलेल्या संगणकाला डिस्कवर लिहावयास वेळच उरत नाहीं. हा आंकडा २५ ते ३० पर्यंत चढवावा, ‘लो बॅटरी लेव्हल’ त्याहूनहि वर ठेवावी, आणि ‘क्रिटिकल बॅटरी अ‍ॅक्शन’पुढें ‘हायबरनेट’ निवडावें. पेटीबरोबर आलेला स्वतंत्र प्रोग्रॅम बसविला असेल तर हा कारभार त्याच्याकडे किंवा विंडोजकडे, कोणा एकाकडेच असावा. एका घरांत दोन कारभारी नकोत.

स्वस्त पेट्यांपैकीं पुष्कळांना यूएसबीची तारच नसते. मग वीज गेल्याचें संगणकाला कळत नाहीं, आणि वरील सर्व फेरफार व्यर्थ. तेथें पेटीची टीं-टीं ऐकून माणसानेंच काम जतन करून संगणक बंद करावयाचा.

केलेला बदल पारखावयास वीज जाण्याची वाट पाहूं नये. सर्व कामें जतन करून मिटवावीं, आणि भिंतीवरचें बटण बंद करावें. पिन ओढून काढूं नये. तिच्याबरोबर अर्थिंगहि सुटतें. मग घड्याळ लावून संगणक काय करतो तें पाहावें. किती मिनिटें टिकाव लागला तें तारखेसह कागदावर लिहून पेटीच्या पाठीशीं चिकटवून ठेवावें. उष्णतेनें शिशाच्या बॅटरीचें आयुष्य घटतें. यासाठीं वैशाख सरतांना, मृगाच्या पहिल्या वादळापूर्वीं, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी आणि नवा आंकडा जुन्याखालीं मांडावा.