हीथ्रोच्या कुंपणाशी सहाशे वर्षांचे कोठार

हीथ्रोच्या तिसऱ्या धावपट्टीला ब्रिटिश सरकारने 2025 मध्ये पुन्हा उघड पाठिंबा दिला आणि चर्चा उड्डाणे, गुंतवणूक, प्रदूषण यांभोवतीच फिरू लागली. माझे लक्ष मात्र विमानतळाच्या उत्तरेकडच्या हार्मन्ड्सवर्थ गावातल्या कोठाराकडे आहे.

हे कोठार विंचेस्टर कॉलेजने 1426 च्या सुमारास आपल्या जहागिरीच्या शेतावर उभारले. लांबी 192 फूट, रुंदी 37 फूट, खण बारा. दगडी पायथ्यांवर ओकच्या भक्कम खांबांच्या दोन रांगा, मधला भाग उंच, दोन्ही बाजूंना उतरत्या छपराखालचे सखल भाग. खांब आणि तुळया एकमेकांत अडकवून लाकडी खुंट्यांनी आवळल्या आहेत. एवढ्या वर्षांनंतरही सुमारे 95 टक्के लाकूड मूळचेच आहे! कवी जॉन बेट्जमन याला मिडलसेक्स परगण्याचे कॅथीड्रल म्हणत, आणि ते पटते. हे चर्चच्या धर्मकराचे कोठार असावे असा अनेकांचा समज आहे, तो चुकीचा. इथे यायचे ते जहागिरीच्या शेतातले गहू, बार्ली आणि ओट. मोठ्या दारांतून पेंढ्यांनी भरलेल्या गाड्या आत येत आणि मळणीही आतच चाले. जहागिरीचे उत्पन्न जाई कॉलेजच्या खर्चाला.

पुढे आठव्या हेन्रीने अदलाबदलीत ही जहागीर घेतली, मालक बदलत गेले, पण कोठार शेतीच्याच कामी राहिले, थेट 1970 च्या दशकापर्यंत. माझ्या मते ते टिकले याचे मोठे कारण हेच. वापरातल्या इमारतीचे गळके छप्पर मालक लगेच दुरुस्त करतो. शेती सुटली आणि हाल सुरू झाले. 2006 मध्ये कोठार अवघ्या एका पौंडाला विकले गेले आणि पडझड वाढली. अखेर वारसा जपणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेने ते 20 हजार पौंडांना घेतले, दुरुस्ती केली आणि 2015 मध्ये लोकांसाठी उघडले.

आता धावपट्टी. 2014 मध्ये विमानतळाने आराखडा दक्षिणेला सरकवला, त्यामुळे कोठार आणि शेजारचे सेंट मेरीज चर्च बचावले. पण आसपासच्या गावांतली सुमारे 750 घरे जाणार, त्यांत हार्मन्ड्सवर्थचीही बरीच. याला वारसा वाचवणे म्हणायला मी तयार नाही. आज या कोठाराची दारे उघडतात ती गावातल्या स्वयंसेवकांच्या बळावर. त्यांनाच उठवल्यावर ती उघडायची कोणी? लाकडाला कायद्याचे संरक्षण आणि त्याची निगा राखणाऱ्यांना नोटीस, हा न्याय उफराटा आहे.

मुलाबाळांकडे लंडनला जाणारे आपल्याकडचे कितीतरी लोक हीथ्रोवरच उतरतात. उन्हाळ्यात जाणार असाल तर तिथली एक सकाळ या कोठारासाठी जरूर राखून ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या ठरावीक रविवारीच ते उघडते, तेव्हा तारीख आधी पाहून घ्या. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.