लाटांची पैदास

समुद्रापासून सडकेने तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या, आणि पैठणच्या नाथसागराचे गोडे पाणीदेखील जिथे नळाला कित्येक दिवसांआड येते, अशा छत्रपती संभाजीनगरात एखाद्या हौशी गृहस्थाने दिवाणखान्यात प्रवाळांची टाकी मांडायचे मनावर घेतले, तर खारेपणा ही त्याची खरी अडचण नव्हे. शुद्ध केलेल्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम तयार समुद्री मीठ विरघळवले की तेवढी तजवीज होते. अडते ते लाटेपाशी. पेटीत भरलेला समुद्र आपण होऊन हलत नाही, आणि न हलणाऱ्या पाण्यात प्रवाळ फार काळ तग धरीत नाही.

प्रवाळ हा प्राणी असूनही जन्मभर एका जागी खिळलेला असतो. त्याला कल्ले नाहीत, हृदय नाही, रक्ताभिसरण नाही, आणि म्हणून प्राणवायू, अन्नकण व क्षार अंगापर्यंत आणून पोहोचविण्याचे व मलद्रव्य वाहून नेण्याचे बहुतेक काम त्याला भोवतालच्या पाण्यावरच सोपवावे लागते. परंतु कोणत्याही पृष्ठभागालगत पाण्याचा एक अत्यंत पातळ, जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी जाडीचा थर जवळजवळ निश्चल असतो, आणि प्रवाळाची सारी देवघेव या थरातून, केवळ विसरणाच्या संथ गतीने, पार पडते. प्रवाळाच्या त्वचेवरील सूक्ष्म केसही हा थर ढवळीत असतात, पण त्यांची शक्ती ती किती! बाहेरचे पाणी वेगाने वाहू लागले म्हणजे थर पातळ होतो आणि देवघेवीला गती येते. मात्र एकाच दिशेने अखंड मारा झाला, तर समोरची बाजू सोलवटून निघते आणि पाठीमागे गाळ साचतो. उथळ समुद्रात पाणी पुढे जाते व मागे येते, आणि प्रवाळाला मानवते ते हेच.

म्हणून टाकीतील पाणी हलविणाऱ्या यंत्राची योग्यता त्याच्या जोरावर न ठरवता त्याच्या दिशाबदलावर ठरवावी, असे माझे मत आहे. पूर्वीचे पंप अरुंद तोंडातून पाण्याची तीव्र धार सोडीत. हल्लीचे लाटयंत्र पंख्यासारख्या पात्याने पुष्कळ पाणी रुंद पट्ट्यात हळुवारपणे ढकलते. काहींची मोटार काचेच्या बाहेर कोरडी राहते आणि आतील पाते केवळ चुंबकाच्या ओढीने फिरते, त्यामुळे मोटारीची उष्णता पाण्यात फारशी उतरत नाही. समोरासमोर बसविलेली अशी दोन यंत्रे नियंत्रकाच्या हुकमाने आळीपाळीने चालू-बंद केली, की पाण्याला येरझारा घालणे भाग पडते.

याहून सुंदर युक्ती अनुनादाची. प्रत्येक टाकीला तिच्या लांबीवर व पाण्याच्या खोलीवर अवलंबून असलेला एक स्वाभाविक हेलकावा असतो. चार फूट लांबीच्या व दीड फूट पाण्याच्या टाकीत तो सुमारे 1.4 सेकंदांचा भरतो. झोक्यावर बसलेल्या मुलीला नेमक्या क्षणी हलका हात लावावा, त्याप्रमाणे पंपाने त्याच कालांतराने ढकलत राहिले तर अल्प शक्तीतही सबंध पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलू लागते. वेळ किंचित चुकली तर सारी मेहनत नाहक जाते. टाकी काचेचीच असल्यामुळे हा खेळ बेताने करावा, हे सांगणे नलगे. लाट उठविण्याचा दुसरा मार्ग फळीचा: पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडतात त्या पाण्यात ढकललेल्या फळ्यांनी. घरगुती टाकीत तेवढी जागा नसते.

विजेच्या पंपाखेरीज केवळ उंचीच्या बळावर पाणी खेळविण्याची कला छत्रपती संभाजीनगराला परकी नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतच्या पाणचक्कीत डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येते, उगम उंचावर असल्यामुळे आपल्याच दाबाने भिंतीवर चढते आणि तिथून खाली कोसळते. त्याच पाण्याच्या बळावर एके काळी यात्रेकरूंसाठी दळण होत असे. होनोलुलूच्या वायकीकी मत्स्यालयात पूर्वी असलेल्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाटयंत्राची विद्या याच कुळातली: टाकीवर ठेवलेले पिंप लहान पंपाने हळूहळू भरते, पाणी वक्रनळीच्या माथ्यावर चढताच सारे पिंप एका दमात खाली रिकामे होते, नळीत हवा शिरून ओढ तुटते आणि पुन्हा भरणे सुरू होते. आवाज पुष्कळ होतो. दिवाणखान्यात तो घरच्यांना रुचेलच असे नाही.

मालवणच्या खडकांवरील प्रवाळ पाहून कोणाला मोह पडला तर त्याने आधी कायदा पाहावा, कारण कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. यंत्राचीही निगा राखावी लागते. पात्यावर चुन्याची पुटे चढतात, ती सिरक्यात भिजवून काढावीत. आणि वीज गेली, की माशांनी व प्रवाळांनी भरलेल्या टाकीतील प्राणवायू काही तासांतच उतरू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एक तरी पंप बाळगणे हा हौसेच्या खर्चातील पहिला जिन्नस समजावा. अशा वेळी तो मंद गतीने चालून पाण्याचा पृष्ठभाग तेवढा हलता ठेवील, तरी पुरते.