आठवडी बाजारातली भाजी ताजी किती?

मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यातील एखाद्या आठवडी बाजारात सकाळी टवटवीत दिसणारी मेथीची जुडी दुपारी मान टाकते. भाजी जवळच्याच गावातली असते, पहाटेच काढलेली असते. मग चार-पाच तासांत असे काय घडते?

काढलेली भाजी मृत नसते. जमिनीतून मिळणारे पाणी तुटले, तरी तिच्या पेशींचे श्वसन चालूच राहते. साठवलेली शर्करा ऑक्सिजनच्या साहाय्याने वापरली जाते. कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि उष्णता निर्माण होते. गच्च भरलेल्या पोत्यात हात घातला तर आतली भाजी कोमट लागते, त्यात या उष्णतेचाही वाटा असतो.

तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दोन ते तीन पट होतो. आपण दुप्पटच धरू. म्हणजे १५ अंशांना भाजीची जी झीज एका दिवसात होते, ती ३५ अंशांना अवघ्या ६ तासांत होईल. कोवळ्या मक्याच्या कणसाची गोडी उन्हात लवकर जाते, कारण त्यातील शर्करेचे पिष्टात रूपांतर होते. पालेभाजीतील क जीवनसत्त्वही उष्णतेने आणि कोमेजण्याने झपाट्याने घटते.

दुसरे कारण पाण्याचे. पालेभाजीच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असते. पेशींतील या पाण्याच्या दाबामुळेच पान ताठ उभे राहते. कोरड्या, तापलेल्या हवेत हे पाणी उडून जाते. वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी गेले की बहुतेक पालेभाज्या कोमेजलेल्या दिसतात. विकणाऱ्याच्या दृष्टीने हा थेट तोटा आहे. २० किलो भेंडीतले ५ टक्के पाणी उडाले तर १ किलो माल हवेत गेला, आणि उरलेला दुपारी मिळेल त्या भावाने द्यावा लागला.

तेव्हा ‘जवळची’ भाजी म्हणजे ताजी भाजी, हे समीकरण अपुरे आहे. काढल्यापासून किती वेळ गेला आणि त्या वेळात तापमान किती होते, या दोन्हींवर ताजेपणा ठरतो. जवळच्या शेतामुळे वाचलेला वेळ भर उन्हात सहज वाया जातो.

उपाय मात्र स्वस्त आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. १ लिटर पाण्यामागे सुमारे ५८० किलोकॅलरी. २० किलो भाजी १० अंशांनी थंड करायला जेमतेम २०० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. सावली आणि ओले गोणपाट यांचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. याच तत्त्वावर नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ तयार झाला. विटांच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत वाळू, आणि ती सतत ओली ठेवायची; वीज लागत नाही. कोकणातल्या दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंद होते, म्हणून तेथे हा उपाय तितका चालत नाही. भाजीवर शिंपडायचे पाणी स्वच्छ हवे, हेही विसरू नये. कोथिंबीर आपण कच्चीच खातो.

वर्गात हे करून पाहता येईल. मेथीच्या १०० ग्रॅमच्या तीन जुड्या घ्या. एक उन्हात, दुसरी सावलीत आणि तिसरी सावलीतच ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. दर तासाला वजन करा. तिसरी जुडी आधी हलकेच टिपून घ्या. वेळ आणि वजन यांचा आलेख काढा. पहिली जुडी किती वाजता कोमेजली आणि तोवर तिचे किती टक्के वजन घटले होते, हे विद्यार्थ्यांना आलेखावरूनच शोधू द्या. मग गावच्या बाजारात कोणत्या विक्रेत्याची भाजी कोणत्या वेळी घ्यावी, याचे उत्तर ते स्वतःच देतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाजाराच्या जागेवर सावली आणि पाणी का हवे, हेही त्यांना नेमक्या आकड्यांनिशी सांगता येईल.