इन्व्हर्टर बदलताना: मेन बंद, तरी घर जिवंत



वळीव सुरू झाला की हुबळी-धारवाडच्या आसपासच्या खेड्यांत दिवे जाणे ठरलेलेच. २००२ सालापासून आपल्या भागात वीज पुरवते ती हेस्कॉम. ती गेली तरी अडू नये म्हणून आता घरोघरी इन्व्हर्टर आला आहे. काही वर्षांनी त्याची पेटी बिघडते, नवी येते, आणि घरचाच एखादा तरुण पाना घेऊन पुढे सरसावतो. आजचे चार शब्द त्याच्यासाठी आहेत.

मेन स्विच खाली ओढला की घरातली वीज मेली, ही आपली जुनी समजूत. इन्व्हर्टर असलेल्या घरात ती जिवावर बेतू शकते. मेन बंद होताच इन्व्हर्टरला वाटते की दिवे गेले, आणि तो बॅटरीतून २३० व्होल्टची वीज त्याच तारांत सोडतो. म्हणून आधी इन्व्हर्टरचे बटण बंद करावे, मग त्याची भिंतीतली पिन उपटावी. पिन नसून तारा थेट जोडलेल्या असतील, तर वायरमनलाच बोलवावे. त्यात कमीपणा नाही.

आता बॅटरी. तिला बटणच नसते. १२ व्होल्टचा झटका लागत नाही, म्हणून तिची भीती कोणी बाळगत नाही. पण पाना एकाच वेळी दोन्ही टोकांना टेकला, तर शेकडो अँपिअर वाहतात. ठिणग्या उडतात, लोखंड लालबुंद होते. बोटातली लग्नाची अंगठी किंवा गळ्यातली क्रुसाची साखळी मध्ये सापडली, तर ती मांसात रुतेपर्यंत तापते. कामाआधी हे सारे उतरवून ठेवावे. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळावी.

शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा ४ भाग झाला की एका ठिणगीने भडकतो. तेव्हा चार्जिंग थांबवून, खिडक्या उघडून अर्धा तास थांबावे. विडी-काडी, देव्हाऱ्यातली मेणबत्ती दूर ठेवावी.

सोडताना काळी तार आधी, लाल नंतर. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नये, ती नव्या पेटीतले कपॅसिटर भरताना उडते. लाल-काळी उलटी मात्र होऊ देऊ नये. जुनी पेटी दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे २४ व्होल्टवर चालत होती का, हेही दुकानातच सांगावे. तिथे १२ व्होल्टची पेटी जोडली तर ती पहिल्याच दिवशी जळेल. तारा बारीक वापरू नयेत: ८०० वॉटचे ओझे असले की बॅटरीच्या तारेतून सत्तर-ऐंशी अँपिअर जातात. जुनी पेटी उघडू नये, आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात.

बॅटरी अर्ध्या क्विंटलच्या घरातली. दोघांनी आणि उभीच उचलावी. आम्ल डोळ्यांत गेले तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे धुवावे, चोळू नये, आणि १०८ ला फोन करून डॉक्टर गाठावा. जमिनीवर सांडले तर खाण्याचा सोडा टाकावा. बॅटरीत बोअरचे पाणी कधीच घालू नये. त्यातले क्षार प्लेटा खातात.

बॅटरीच संपली असेल तर ती परसात फोडू नये. शिसे मातीत राहते, आणि तिथे खेळणाऱ्या लेकरांच्या मेंदूवर परिणाम करते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्यावी. तिची किंमत बहुधा बिलात वळती होते.