गळ्याची जवारी

मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत मी पहिल्यांदा गेलो तो मावशीच्या तानपुऱ्याची जवारी काढून आणायला. अकरावीत होतो. एसटीत गोधडीत गुंडाळलेला तानपुरा मांडीवर उभा धरून बसलो होतो आणि कंडक्टरसकट सगळी गाडी माझ्याकडे बघत होती. कारागिरानं तार छेडली. कोरडा, ठोकल्यासारखा आवाज आला आणि विझला. त्यानं तारांखालची घोडी काढली, कानशीचे दोन-चार हलके हात मारले, परत बसवली, पुन्हा छेडली. असं आठ-दहा वेळा झालं. मग सुताचा एक बारीक तुकडा तारेखाली सरकवून नखानं तो केसभर पुढे, केसभर मागे करत राहिला. एका जागी ती तार एकदम बोलायला लागली. पोळ्यावरच्या माश्या उठाव्यात तसा भरलेला, सळसळता नाद त्या छोट्या खोलीत पसरला आणि बोट काढल्यावरही कितीतरी वेळ थांबेना. तार तीच होती, भोपळा तोच होता.

घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उताराला हलकेच शिवत राहते, आणि मूळ स्वराच्या पोटातले उपस्वर त्या शिवण्यानं जागे होतात. हीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या गोष्टीवर लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या तारेच्या नियमानुसार जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत ठसठशीत ऐकू येतात, याचं त्यांना नवल वाटलं होतं. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार, ज्याला गाणारे लोक स्वयंभू गांधार म्हणतात, तो त्या तारेचा पाचवा उपस्वर. जवारी नीट लागली नसेल तर तो कितीही कान दिला तरी सापडत नाही.

आवडत्या आवाजांचा विचार करताना मला नेहमी ती खोली आठवते. गळ्यातही असंच काहीसं घडतं. स्वरतंतू म्हणजे जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या, ओलसर, लवचीक घड्या. फुप्फुसातून येणारा वारा त्यांना सेकंदाला शेकडो वेळा उघडतो आणि मिटतो. तिथे निघणारा मूळ नाद अगदी सामान्य असतो. घसा, जीभ, टाळू, नाक आणि ओठ मिळून त्यातले काही उपस्वर वर उचलतात, काही दाबून टाकतात. एकाच पट्टीतला एकच षड्ज दोघांनी लावला तरी डोळे मिटून आपण माणूस ओळखतो, तो या उचलण्या-दाबण्यामुळे. जवारी खुली असते तशी बंदही असते, आणि दोन्हींचे चाहते असतात. गळ्यांचंही तसंच.

पण एखादा गळा असा खुलतो आणि दुसरा तसा, ते का? बरीच वर्षं ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे की प्रत्येक आवाजाची जवारी तो जिथे पोचायला हवा होता त्या जागेनं काढलेली असते. बैठक, नाटकाचं थिएटर, तमाशाची कनात, जत्रेचं मैदान, रेडिओचा स्टुडिओ, प्रत्येक जागेनं आपापला गळा घडवला. म्हणून एका गायनप्रकाराची फूटपट्टी दुसऱ्याला लावली की अन्याय होतो.

मिरजेपासूनच सुरुवात करतो. अब्दुल करीम खाँसाहेब जन्मानं कैरान्याचे, पण राहिले मिरजेत आणि त्यांची कबरही तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. १९३७ साली मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमलकोइलच्या स्टेशनावर त्यांचा अंत झाला. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर पहिल्यांदा वाटतं, आवाज बारीक आहे, थोडा नाकातला आहे. मग लक्षात येतं की या आवाजाला कड नाही. एका स्वरातून दुसरा स्वर कधी सुरू झाला ते कळत नाही, आणि कुठला भाग गळ्याचा, कुठला तानपुऱ्याचा, हेही काही क्षण कळेनासं होतं. सांगलीचे देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स श्रुतींचा अभ्यास करत होते, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष गाऊन दाखवायला खाँसाहेबांचा गळा उपयोगी पडला. इतक्या नेमक्या जागी स्वर ठेवायचा तर आवाजाचा घेर आवरता घ्यावा लागतो. जोर केला की नेमकेपणा हलतो. गदगमध्ये एका दुकानात लागलेली त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून एक शाळकरी मुलगा अस्वस्थ झाला आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळाला. त्या मुलाचा, भीमसेन जोशींचा, आवाज पुढे किती वेगळा झाला! घराणं तेच. पण हजारोंच्या मंडपात, माइकसमोर, एका श्वासात तीन सप्तकं फिरणारा गळा ही दुसऱ्या काळाची गरज होती.

केसरबाई केरकरांचा आवाज याच्या अगदी उलट टोकाचा. गोव्यातल्या केरी गावची ही मुलगी अल्लादिया खाँसाहेबांकडे घडली. भरदार, उघडा आकार, आणि वरच्या षड्जावर गेल्यावरही तोच भरदारपणा. बहुतेक आवाज वर जाताना बारीक होतात. केसरबाईंचा होत नाही. माइक नसलेल्या मैफलीत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सुराचं वजन पूर्ण मिळायला हवं, तिथला हा गळा. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून अवकाशात गेली. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांचं ते गाणं मी दर काही महिन्यांनी ऐकतो. इतक्या जुन्या, खरखरीत मुद्रणातूनही तो आकार माजघरातून हाक यावी तसा थेट येतो.

आता मैदानात येऊ. आपल्या कानाची सर्वात तीक्ष्ण जागा सेकंदाला साधारण तीन हजार कंपनांच्या आसपास आहे, कारण कानाची नळीच तिथे घुमते. योहान सुंदबर्ग या स्वीडिश संशोधकानं दाखवलं की ऑपेराचे कसलेले गायक नेमक्या त्याच भागात आवाजाची ताकद गोळा करतात, म्हणून शंभर वाद्यांच्या ताफ्यावरूनही माइकविना ऐकू येतात. आपल्या शाहिराची अडचण निराळी नव्हती. त्याच्यासमोर डफ, झांज, तुणतुणं आणि बोलकी पोरंटोरं असायची. खड्या आवाजात वरच्या उपस्वरांना जोर येतो, आणि शब्द धुरळ्यातूनही कानाशी पोचतो. बार्शीचे अमर शेख, शाहीर साबळे, विठ्ठल उमप, यांच्या आवाजातली ती धार अशी कमावलेली आहे. वारकऱ्यांच्या भजनात काळी चार, काळी पाच अशा उंच पट्टीत पुरुष गातात तेही पखवाज आणि टाळांच्या वर जाण्यासाठीच. शाळेत 'ओरडतात' म्हणून या गाण्याला नाक मुरडणारे मास्तर मी पाहिले आहेत. एकदा दिंडीत चालत, उघड्या माळावर, मागच्या विणेकऱ्यापर्यंत चाल कशी पोचते ते त्यांनी ऐकायला हवं होतं.

प्रल्हाद शिंदे यांच्याबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. आवडत्या गायकांच्या याद्या रविवारी छापून येतात, त्यांत त्यांचं नाव क्वचित दिसतं, आणि महाराष्ट्रात असं गाव नसेल जिथे त्यांचा आवाज लागत नाही. भीमजयंतीला लागतो, आषाढीला लागतो, गणपतीत लागतो. कव्वालीत मुरलेला गळा, किंचित खरबरीत, आणि तारसप्तकात चढताना त्या खरबरीतपणातूनच बाहेर पडणारी एक लकाकी. त्यांचा आवाज विनवतो तेव्हाही वाकत नाही. विठ्ठलाशी बोलताना त्यात लाडिकपणा नाही, हक्क आहे. बाबासाहेबांबद्दल गाताना कृतज्ञता आहे आणि मान ताठ आहे. कर्ण्यातून, फाटक्या कॅसेटमधून, ट्रकच्या टपावरून हा आवाज ऐकला गेला. त्या सगळ्या वाईट यंत्रांतून जे टिकून राहतं ते खणखणीतच असावं लागतं. विठ्ठल उमप तर २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवर, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. हे गळे ज्यांच्यासाठी होते त्यांच्यासमोर शेवटपर्यंत उभे राहिले. यांना 'लोकसंगीत' अशा वेगळ्या कप्प्यात ठेवून मग 'खऱ्या' गायकांची चर्चा करणं मला पटत नाही.

लावणीचा विषय निघाला की सुलोचना चव्हाण. गिरगावात वाढलेली ही मुलगी आधी के. सुलोचना या नावानं हिंदी चित्रपटांत गात होती. लग्नानंतर पती श्यामराव चव्हाण यांनी लावणीचा शब्द कसा टाकायचा ते त्यांच्याकडून घोटून घेतलं आणि त्या त्यांनाच गुरू मानत. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. पण कार्यक्रमात त्या कशा उभ्या असत ते पाहा: डोक्यावरून पदर, हातवारे नाहीत, डोळ्यांचा खेळ नाही. नखरा सगळा गळ्यात. एखादं व्यंजन त्या ओठांवर क्षणभर अडवून धरतात आणि मग ठसक्यात सोडतात. श्वासाचा एक तुकडा शब्दाच्या आधी मुद्दाम ऐकू देतात, ओळीच्या शेवटचा स्वर ओढून एकदम तोडतात. तोडल्यावर जी रिकामी जागा उरते तिच्यात ढोलकीचा बोल येऊन बसतो. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा फक्त व्यंजनांकडे लक्ष द्या. तमाशाच्या कनातीतली अदा, जी पायांनी आणि डोळ्यांनी दाखवायची, ती या बाईनं स्टुडिओत बसून जिभेच्या टोकावर आणली. हे काम किती अवघड आहे ते त्यांच्या नंतरच्या नकलांवरून कळतं. त्यांत नुसतीच लाडीगोडी उरते.

माइकनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तिथे रेंगाळत नाही. लता मंगेशकरांचा आवाज फार बारीक आहे म्हणून १९४८ च्या सुमाराला त्यांना नाकारलं गेलं, आणि १९४९ च्या 'महल'नंतर तोच बारीकपणा मापदंड झाला. तो गळा बैठकीत दूर फेकण्याचा नव्हता, माइकच्या वीतभर अंतरावरचा होता. अरुण दाते तर कानाशी बसून बोलल्यासारखे गायले. पन्नास वर्षं आधी या आवाजाला शेवटच्या खुर्चीपर्यंत जाताच आलं नसतं.

आणि कुमार गंधर्व. मला सर्वांत जवळचा आवाज. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणीच थक्क करणारं गात होता, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकला. मग क्षय झाला. १९४८ च्या जानेवारीत हवापालटासाठी ते देवासला आले आणि पुढची काही वर्षं गाणं बंद. औषधानं जीव वाचला, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. ख्यालगायकाची सगळी प्रतिष्ठा दमसासावर, लांब पल्ल्याच्या तानेवर. ती आता शक्य नव्हती. अंथरुणावर पडून ते माळव्याची लोकगीतं ऐकत होते, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकत होते. परत गायला लागले तेव्हा आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत येऊ लागला. एक स्वर बाण सोडावा तसा सुटतो, लागतो, आणि थांबतो. त्या थांबण्याची भीती त्यांना वाटत नाही. तिथे आपण ऐकतो तानपुरे.

कुमारांच्या तानपुऱ्यांची जुळवणी गाणाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होती. ते ज्या स्वराला स्पर्श करणार असत तो आधीच तानपुऱ्यांच्या नादात तरंगत असे. दुसरा कुणी असता तर श्वासाची उणीव झाकली असती. यांनी ती उघडी ठेवली आणि तानपुऱ्यांना तिथे गाऊ दिलं. हे ऐकताना माझा स्वतःचा श्वास अडतो. त्यांच्या निर्गुणी भजनांत तर गाणारा आहे की नाही असं वाटण्याइतकी लांब शांतता येते, आणि मग कुठूनतरी उंचावरून तो तीक्ष्ण, एकटा स्वर पुन्हा उतरतो.

शेवटी एक आवाज घरातला. जात्यावरच्या ओव्या गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जमवल्या. एक लाखाहून जास्त आहेत. त्या वाचून मला आजीच्या ओव्या मुद्रित करून ठेवाव्याशा वाटल्या. सुट्टीत गेलो, फोन पुढे धरला. तिला एकही आठवेना. आठवलेली एक नुसती बोलून दाखवली, आणि 'अशी न्हाई व्हय' म्हणून स्वतःच गप्प बसली. जातं परड्यात, चिपाडांखाली पडलं होतं. मी आणि चुलतभावानं ते ओढून आणलं, धुतलं, खुंटा ठोकला. रिकामं जातं ओढू नये म्हणून तिनं शाळूच्या दोन मुठी मागितल्या. एक पाय लांब करून बसली. दगड फिरला, ती जुनी घरघर सुरू झाली, तिनं थोडा वेळ नुसतंच ओढलं, जणू पट्टी शोधत होती. मग त्या घरघरीच्या आतूनच तिचा आवाज आला, बोलण्याच्या आवाजापेक्षा कितीतरी तरुण, आणि पीठ पाळीवर सांडेपर्यंत थांबला नाही.